शून्याखालच्या दोन रेघा

रिकामा रकाना वेगळा आणि शून्य वेगळं, हे शाळेत कुणी शिकवत नाही. ते कचेरीत शिकावं लागतं, आणि एकदा तोंडावर आपटल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. हेडक्लार्कनी लेकीला खरेदी विभागात आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "जिथे आपल्याकडे लिहायला काही नाही, तो रकाना रिकामा सोडायचा. शून्य लिहायचं नाही. रिकाम्याला वरचे लोक 'लागू नाही' म्हणतात आणि पुढे सरकतात. शून्य दिसलं की ते धरून बसतात." लेकीने मान डोलावली. मनात म्हणाली, म्हातारा जरा जास्तच सांभाळून असतो.

तिला कॉलेजात सगळेच 'लेक' म्हणत, कारण ती ठोकमास्तरांची लेक. ठोकमास्तर म्हणजे कॉलेजचे सुतार. हे नाव मुलांनी पाडलं होतं. तासाला सर कितीही घसा फोडून शिकवोत, जिन्याखालून ठोक ठोक ऐकू यायचंच. एकदा कुणीतरी म्हणालं, या कॉलेजात दोन मास्तर आहेत, एक नुसते बोलतात आणि एक ठोकतात, आणि ठोकणाऱ्याचं काम जास्त टिकतं. नाव चिकटलं. बाबांना ते आवडायचं, पण तसं ते कबूल करत नसत.

त्यांची कार्यशाळा जिन्याखाली होती. एका बाजूला छत इतकं खाली उतरलेलं की नवखा माणूस कपाळमोक्ष करून घ्यायचा. बाबा सव्वीस वर्षं न बघता तिथे वाकत आले होते. आत एक लांब बाकडं, भिंतीला रंधे, पटाशा आणि करवती, कोपऱ्यात सरसाचं भांडं, आणि खाली कायम भुसा. कॉलेजात चारशे बारा लाकडी खुर्च्या होत्या आणि त्या प्रत्येकीला बाबा ओळखत. हे मी वाढवून सांगत नाही. खुर्ची दुरुस्त झाली की ती उलटी करून, बसायच्या फळीच्या खालच्या अंगाला कानावरच्या जाड पेन्सिलीने ते तारीख लिहीत आणि काय केलं तेही. 'मागचा पाय, नवी पाचर.' 'पाठ सैल, सरस.' काही खुर्च्यांच्या पोटाखाली अशा सहा-सहा, सात-सात ओळी होत्या. डॉक्टरकडेसुद्धा इतके जुने कागद नसतात.

लेकीला गिरवायला त्यांनीच शिकवलं होतं, त्याच जाड पेन्सिलीने. गणित सोडवून झालं की म्हणायचे, "उत्तराखाली दोन रेघा ओढ. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, ही पोर आपल्या उत्तरावर ठाम आहे." निकालाच्या दिवशी दारातच विचारायचे, "पैकीच्या पैकी?" कधी असायचे, बहुधा नसायचे. नसले तरी ते रागावत नसत, पण रेघा ओढल्या होत्या का एवढं मात्र विचारायचे.

तर त्या वर्षी परिषदेकडून एक फॉर्म आला. परिषद म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या वरती बसलेली संस्था. तिने ठरवलं होतं की आता कॉलेजांनी खरेदी करताना निसर्गाचा विचार करायचा. कागद कसला घेता, दिवे कोणते घेता, फरशी कशाने पुसता, सगळं विचारलं होतं. त्यावर गुण, गुणांवरून क्रमांक. हेतू वाईट नव्हता. माझं आजही त्या हेतूशी भांडण नाही. भांडण आहे ते रकान्यांशी.

फर्निचरच्या पानावर दोन चौकोन होते. 'या वर्षी खरेदी केलेल्या एकूण खुर्च्या.' 'त्यांपैकी पर्यावरणपूरक खुर्च्या.'

लेकीने जुन्या वह्या काढल्या. नऊ वर्षांत कॉलेजने एकही खुर्ची विकत घेतली नव्हती. एकही नाही! तिला एकदम भरून आलं. खाली जिन्याखाली ठोक ठोक चालू होतं. निसर्गाचा विचार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? तिने पहिल्या चौकोनात शून्य लिहिलं, दुसऱ्या चौकोनात शून्य लिहिलं, आणि दोन्हींखाली दोन-दोन ठसठशीत रेघा ओढल्या. शेऱ्याच्या जागेत लिहिलं, 'गेल्या नऊ वर्षांत एकही खुर्ची घ्यावी लागली नाही. संस्थेचे सुतार खुर्च्या दुरुस्त करतात. अशा कामालाही गुण असावेत.' ते सुतार आपले वडील आहेत, हे लिहायचा मोह तिने आवरला.

हेडक्लार्क त्या दिवशी रजेवर होते. फॉर्म गेला.

महिन्याने निकाल आला. एकतीस कॉलेजांत आपलं कॉलेज एकतिसावं. फर्निचरच्या पानाला वीस गुण होते, त्यांत मिळाले शून्य. ज्या कॉलेजने शंभर खुर्च्या मोडीत काढून शंभर हिरव्या खुर्च्या आणल्या, त्याला वीसपैकी वीस. हेडक्लार्कनी आपल्याकडे राहिलेली फॉर्मची प्रत बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं, रिकामं सोडलं असतंस तर ते पान हिशेबातच धरलं नसतं त्यांनी. आपण मधेच कुठेतरी असतो. कुणी ढुंकून पाहिलं नसतं."

"पण खरं तेच लिहिलं मी."

"खरं लिहिलंस म्हणून तर! वर दोन रेघाही मारल्यास."

प्राचार्य संतापले. शेवटचा नंबर म्हणजे काय, सगळीकडे छी थू. लगेच हरित समिती नेमली गेली आणि तिच्या प्रमुखपदी एक प्राध्यापक मॅडम आल्या. त्या कष्टाळू होत्या, प्रामाणिकही होत्या, आणि अशा माणसांच्या हातात चुकीचा फॉर्म पडला की मग देवच वाली. समितीच्या पहिल्या बैठकीला लेक टिपणं घ्यायला बसली. तिची नोकरी अजून कच्ची होती, कायम करायचे कागद प्राचार्यांच्या टेबलावर पडून होते. तरी तिने मधेच तोंड उघडलं.

"मॅडम, आपल्याकडे खुर्च्या दुरुस्त होतात. नवीन घेण्यापेक्षा ते चांगलंच नाही का?"

"चांगलंच आहे," मॅडम म्हणाल्या, "पण दुरुस्ती ही खरेदी नाही ना. आपलं धोरण हरित खरेदीचं आहे. जे विकतच घेतलं नाही, ते हिरवं आहे हे दाखवणार कसं?"

यावर सगळ्यांनी माना हलवल्या. उंटावरच्या शहाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि हसतो. बैठकीत ते शहाणे समोर चहा पीत बसलेले असले की हसू येत नाही.

पुढच्या आठवड्यात विक्रेता नमुन्याची खुर्ची घेऊन आला. जुन्या बाटल्या वितळवून केलेली, पानासारख्या रंगाची, पाठीवर कोरलेलं एक पान. ती त्याने एका बोटाने उचलून दाखवली. मॅडमनी बसून पाहिलं, प्राचार्यांनी बसून पाहिलं. चारशे बारा खुर्च्यांची मागणी गेली. मात्र परिषदेची एक अट होती. जुन्या खुर्च्या विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्याही नाहीत. त्या 'मान्यताप्राप्त यंत्रणेकडून' नष्ट करायच्या आणि तसा दाखला जोडायचा, नाहीतर बदललेल्या खुर्च्यांचे गुण मिळणार नाहीत. शेजारच्या शाळेची बाई चाळीस खुर्च्या मागायला आली होती. तिला नियम वाचून दाखवला आणि परत पाठवलं.

आणि खुर्च्याच नाहीत तर सुतार कशाला? बाबांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं जिन्याखाली काढायची, मग हत्यारं तेल लावून कॉलेजच्याच हवाली करायची आणि जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. आत काय झालं ते लेकीला बाहेर कळलं नाही. बाबा पंधरा मिनिटांनी बाहेर आले, तिच्या टेबलापाशी थांबले, तिच्या पेनाकडे बघितलं आणि म्हणाले, "जागा रद्द झाली. महिनाअखेरपर्यंत आहे मी."

"काय म्हणाले ते?"

"चांगलं बोलले. फॉर्म दाखवला, समजावून सांगितलं. ठीक आहे." आणि ते खाली गेले. थोड्या वेळाने ठोक ठोक सुरू झालं.

त्या शून्याचं तिने त्यांना सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, करता करता महिना गेला. खरं म्हणजे ती घाबरली होती. बाबा रागावतील म्हणून नाही. ते रागावणार नाहीत म्हणून.

खुर्च्या फोडायचं यंत्र मागच्या अंगणात आलं. वाचनालयातून, वर्गांतून माणसं खुर्च्या आणून रचत होती आणि यंत्र त्यांचे तुकडे करून दुसऱ्या बाजूला ओतत होतं. दाखल्यासाठी खरेदी विभागाचा माणूस हजर हवा, म्हणून लेक वही घेऊन उभी होती आणि दर दहा खुर्च्यांमागे खूण करत होती. एक खुर्ची ढिगावरून घसरून उलटी पडली. पोटाखाली आठ ओळी होत्या. शेवटची ओळ मागच्याच आठवड्यातली, 'डावा हात, सांधा पुन्हा बसवला.' म्हणजे जागा रद्द झाल्यावरही बाबांनी ती खुर्ची नीट केली होती. यंत्रवाल्याने ती पायाने सरळ केली आणि आत टाकली. तिने खूण केली. तिला स्वतःची किळस आली, तरी खूण केलीच.

नव्या खुर्च्या आल्या. प्रत्येक खुर्ची प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत. दोन शिपाई दिवसभर त्या पिशव्या सोलत होते आणि अंगणात त्यांचा गुडघाभर ढीग झाला. पिशव्यांसाठी फॉर्मवर रकाना नव्हता, म्हणून त्यांचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

कार्यशाळेला चुना लावला. दारावर 'हरित कक्ष' अशी पाटी आली. आत समितीचे कागद आणि कुंडीतलं एक झाड, त्या खोलीत ऊन येत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते झाड पंधरा दिवसांत वाळलं. कॉलेजची हत्यारं भांडारात गेली. बाबांची स्वतःची एक हातोडी आणि एक पटाशी होती, ती ते पिशवीतून घरी घेऊन आले आणि पिशवी पलंगाखाली सरकवली.

त्यानंतर घरात ठोक ठोक झालं नाही. स्वयंपाकघरातली तिपाई डुगडुगायला लागली. आईने आधी सहज सांगितलं, मग टोचून सांगितलं, मग पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. "सुताराच्या घरातली तिपाई बघा," ती लेकीला म्हणायची, "लोक हसतील." बाबा वर्तमानपत्र वाचत असायचे. सकाळचंच वर्तमानपत्र ते दुपारीही वाचायचे.

वर्ष गेलं. तोवर अकरा हिरव्या खुर्च्या तडकल्या होत्या. बाटल्यांच्या त्या खुर्चीला स्क्रू नाही, सांधा नाही. तडकली की तडकली. त्या अकरा भांडाराच्या मागे एकात एक घालून ठेवल्या होत्या.

आणि परिषदेचा नवा फॉर्म आला. यंदा त्यात एक जास्तीचं पान होतं. 'संस्थेत वस्तू दुरुस्त करण्याची स्वतःची सोय आहे का? असल्यास कारागिराचे काम करतानाचे छायाचित्र जोडावे. गुण दहा.' सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की गेल्या वर्षी एका संस्थेने शेऱ्यात केलेली सूचना परिषदेला मोलाची वाटली आणि तिच्यावरून हे पान जोडलं आहे. त्या संस्थेचे आभारही मानले होते.

लेकीने ते पत्र दोनदा वाचलं. मग हेडक्लार्ककडे दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "बैल गेला आणि झोपा केला," ते म्हणाले.

मॅडम मात्र खूश झाल्या. "अरे वा! हे तर आपल्याकडे होतंच. ठोकमास्तर कुठे असतात हल्ली?"

"घरी असतात," लेक म्हणाली.

"त्यांना अर्ध्या तासासाठी बोलव ना. फोटोपुरतं. तुझे वडीलच ते, मग काय अडचण? खोली आहेच आपली, फक्त ती कुंडी बाजूला करू."

"मॅडम, पण आता सोय नाहीये आपल्याकडे."

"अगं, होती ना? आणि पुढे करूही. सुरुवात कागदावरून होते." मॅडमनी हे अगदी मनापासून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझे कायम व्हायचे कागद याच महिन्यात सहीला आहेत. आता कुठे सरांच्या डोळ्यांवर येतेस?"

घरी जाऊन तिने सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. पण तिचं तोंड बघून बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, आणि ती सगळं बोलून गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"लाज कशी वाटत नाही त्यांना!" आई म्हणाली. "जायचं नाही. अजिबात जायचं नाही."

बाबांनी लेकीला विचारलं, "नाही म्हटलं तर तुझं काय?"

लेक त्या वर्तमानपत्राची घडी घालायला लागली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, वाकले आणि पलंगाखालची पिशवी ओढून बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कानावर पेन्सिल होती. 'हरित कक्षा'त शिरताना जिथे छत खाली उतरतं तिथे न बघता वाकले. बाकडं गेलेलं होतं. त्याच्या जागी एक टेबल आणून ठेवलं होतं आणि टेबलावर तडकलेल्या अकरांपैकी एक हिरवी खुर्ची. लाकडी खुर्ची अख्ख्या कॉलेजात उरली नव्हती.

बाबांनी खुर्ची उलटी केली. पाय चाचपले, पाठ चाचपली, तड्याचा बोटाने शेवटपर्यंत माग काढला. "हिला धरायचं कुठे?" ते म्हणाले. विचारणं कुणाला उद्देशून नव्हतं. मग सवयीने कानावरची पेन्सिल काढली आणि खालच्या अंगाला टेकवली. त्या गुळगुळीत प्लास्टिकवर पेन्सिल उठेना. त्यांनी ती परत कानावर ठेवली.

"हातोडी उचला, मास्तर," फोटोवाला म्हणाला.

"ठोकू?"

"ठोकू नका. फुटेल ती आणखी. नुसती वर धरा. हां, तशीच. आता जरा हसा."

माझं म्हणणं एवढंच आहे की या माणसाने उभ्या आयुष्यात खोटी हातोडी उचलली नव्हती. खिळा नसलेल्या जागी ती हवेत धरून तो उभा राहिला, हसायला सांगितलं तेव्हा हसला, बाजूला वळायला सांगितलं तेव्हा वळला. लेक दाराशी उभी होती. त्यांनी नाही म्हणावं, हातोडी टेबलावर आपटावी आणि चालते व्हावं, असं तिला वाटत होतं. आणि त्यांनी तसं करू नये असंही वाटत होतं, आणि हे दुसरं जास्त वाटत होतं. तेच तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

मॅडमनी चहा मागवला. बाबांनी नको म्हटलं. लेक त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. फाटकाशी तिला राहवलं नाही.

"बाबा, गेल्या वर्षीचं ते शून्य मी लिहिलं होतं. रिकामं सोडलं असतं तर..."

"माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? प्राचार्यांनी फॉर्म समोर ठेवला तेव्हा खाली दोन रेघा होत्या." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरोबर लिहिलं होतंस. मी वर्षभर म्हणतोय मनाशी, उत्तर बरोबर होतं पोरीचं."

तिला रडू फुटलं. ते थांबले, ती शांत होईपर्यंत रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आता यंदा जे लिहायचंय ते लिही. नोकरी आहे, लिहावं लागतं. फक्त खाली रेघा ओढू नकोस."

आणि ते पिशवी घेऊन निघून गेले.

लेक परत येऊन टेबलाशी बसली. नवं पान समोर ओढलं. 'सोय आहे का?' याच्या पुढे तिने लिहिलं, 'आहे.' हात सवयीने खाली सरकला, पेनाचं टोक कागदाला टेकलंही. तिने ते उचललं आणि पेनाला टोपण लावलं. हेडक्लार्क समोरून बघत होते.

निकाल आला. कॉलेज चौथं. वार्षिक अंकात बाबांचा फोटो पानभर छापला, खाली ओळ, 'आमची दुरुस्तीची परंपरा'. त्याच आठवड्यात लेकीचे कागद सही होऊन आले. संध्याकाळी ती घरी पोचली तर बाबा दारातच बसले होते. तिच्या हातातलं पाकीट बघून त्यांनी, ती शाळेत असताना विचारायचे तसंच, विचारलं.

"पैकीच्या पैकी?"

"हो," ती म्हणाली. "दहापैकी दहा."

बाबांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र उचललं.